गोदाकाठच्या दगडी हत्यारांचे डिजिटल जतन

नाशिक रोड म्हटले की रेल्वे स्थानक आणि चलनी नोटांचा छापखाना डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु येथून जवळच वाहणाऱ्या गोदावरीने याहून कितीतरी प्राचीन ठेवा जपला आहे. नाशिकच्या वरच्या अंगाला, गंगापूर येथे, नदीच्या गोट्यांच्या थरांत डॉ. ह. धी. सांकलिया यांना अश्मयुगीन मानवाची हत्यारे आढळली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५२ मध्ये त्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी अशा हत्यारांची नोंद म्हणजे मोजमाप, छायाचित्र आणि हाताने काढलेले रेखाचित्र. आज त्यांना त्रिमितीय स्कॅनिंगची जोड मिळाली आहे.

ही पद्धती समजण्यास कठीण नाही. स्कॅनर दगडावर प्रकाशाचे पट्टे टाकतो. उंचसखल पृष्ठभागावर ते वाकतात आणि त्या वाकण्यावरून संगणक प्रत्येक बिंदूचे स्थान काढतो. दगड फिरवून सर्व बाजू टिपल्या की त्या जोडून हत्याराची हुबेहूब प्रतिकृती पडद्यावर तयार होते. साध्या कॅमेऱ्याने सर्व बाजूंनी, एकमेकांवर येणारी छायाचित्रे घेऊनही हे साधते. मात्र शेजारी मोजपट्टी हवी. अन्यथा आकार कळतो, आकारमान कळत नाही. गारगोटीसारख्या अर्धपारदर्शक दगडांत प्रकाश आत शिरत असल्याने त्यांचे स्कॅनिंग अधिक अवघड असते.

अशा प्रतिकृतीवरून धारेचा कोन, घनफळ, कपच्या काढल्याच्या खुणा व त्यांचा क्रम अभ्यासता येतो. मूळ वस्तू वारंवार हाताळावी लागत नाही आणि ती दूरच्या विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचते. अलास्काच्या किनाऱ्यावरील नुनालेक या जुन्या युपिक गावाची गोठलेली जमीन वितळून समुद्रात खचत आहे. तेथे २००९ पासून झालेल्या उत्खननातील वस्तूंच्या अशा प्रतिकृती गावातील मुलांसाठीही उपलब्ध करण्यात आल्या.

तथापि, एक मर्यादा ध्यानी घेतली पाहिजे. स्कॅनर दगडाचा आकार जपतो. तो कोणत्या थरात, कशाच्या सोबतीने पडला होता, हे सांगू शकत नाही. पुराने वा वाळूच्या उपशाने थर विस्कटला की ती माहिती कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. म्हणूनच नदीकाठी वा शेतात घडीव दगड दिसल्यास तो उचलू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागा टिपून ठेवावी आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास कळवावे. जतनाचे काम प्रयोगशाळेत नव्हे, तर नदीकाठीच सुरू होते.