कपाटातील कॅसेटी आणि घरातील ज्येष्ठ

अनेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर लग्नाच्या, मुंजीच्या, डोहाळजेवणाच्या व्हिडिओ कॅसेटी जपून ठेवलेल्या असतात. त्या पाहण्याचे यंत्र मात्र बंद पडलेले असते. १९७६ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या व्हीएचएस पद्धतीची नवी यंत्रे बनवणे २०१६ मध्ये थांबले. फितीवरील चुंबकीय थर वर्षागणिक क्षीण होतो; दमट हवेत बुरशीही चढते. म्हणून या चित्रीकरणाची डिजिटल प्रत वेळेत करून घ्यावी. घरातील एखाद्या ज्येष्ठाची स्मृती मंदावत असेल, तर ही प्रत शुश्रूषेचेही एक साधन ठरू शकते.

स्मृतिभ्रंशात, विशेषतः अल्झायमरमध्ये, बहुधा अलीकडच्या घटना आधी विसरल्या जातात. तारुण्यातील आठवणी त्यामानाने अधिक काळ टिकतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये वृद्धांच्या गतजीवनाच्या स्मरणाकडे आदराने पाहण्याचा विचार मांडला. जुनी छायाचित्रे, वस्तू व चित्रफितींच्या आधारे गप्पा मारण्याच्या पद्धतीस आज ‘रेमिनिसन्स थेरपी’ म्हणतात. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा २२ अभ्यासांची छाननी झाली. लाभ दिसले, पण ते लहान होते आणि सर्वत्र सारखे नव्हते. हा आजार बरा करणारा उपाय नव्हे. संवादाचे एक दार आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. चित्रीकरण शक्यतो ‘एमपीफोर’ स्वरूपात करून घ्यावे. ते बहुतेक मोबाइलवर चालते. एखादी फाइल उघडत नसेल, तर ‘व्हीएलसी’सारखे विनामूल्य अॅप उपयोगी पडते. लहान फाइल मोबाइलमध्येच साठवल्यास इंटरनेटची गरज उरत नाही. मोठ्या फाइली संगणकावर ठेवून घरच्या वाय-फायवरून टॅब्लेटवर पाहता येतात. दोन्ही उपकरणे त्याच वाय-फायला जोडलेली असल्यास त्यासाठी मोबाइल डेटा खर्च होत नाही. मोबाइलचा पडदा लहान पडत असल्यास तेच चित्र टीव्हीवर घ्यावे.

तीन तासांचे लग्न सलग दाखवू नये. पाच-दहा मिनिटांचे तुकडे करून ‘मुंजीची पंगत’, ‘ताईची पाठवणी’ अशी नावे मराठीत द्यावीत. पाहताना मोबाइल ‘एअरप्लेन मोड’वर ठेवला, तर फोनचा व्यत्यय येत नाही, वाय-फायवरून पाहत असल्यास तेवढे पुन्हा सुरू करावे. इंटरनेटवरील व्हिडिओंमागून येणाऱ्या जाहिरातींनी ज्येष्ठ गोंधळतात. स्वतःच्या फाइलींत तो त्रास नसतो.

वेळ दिवसाची निवडावी, कारण सायंकाळी अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते. चष्मा व श्रवणयंत्र लावलेले आहे ना, हे आधी पाहावे. पडद्यावर खिडकीचा उजेड पडू देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परीक्षा घेऊ नये. “हा कोण, ओळखलंत का?” या प्रश्नाने रुग्ण ओशाळतो. त्याऐवजी “बाबा, हा तुमचा धाकटा भाऊ, किती आग्रहाने जिलेबी वाढतोय!” असे म्हणावे. उत्तर आले तर ऐकावे, न आले तर सोबत पाहत राहावे.

दिवंगत जोडीदार पडद्यावर दिसला आणि “हे कुठं गेले?” असा प्रश्न आला, तर मृत्यूची वार्ता पुन्हापुन्हा सांगून दुःख नव्याने देऊ नये. “आई, तुम्हांला त्यांची आठवण येतेय ना?” असे म्हणून त्यांच्याविषयी बोलावे. डोळ्यांत पाणी आले म्हणजे नेहमीच त्रास होतो असे नाही. परंतु भीती वा घालमेल दिसली, तर व्हिडिओ लगेच बंद करावा. असे वारंवार घडल्यास डॉक्टरांशी बोलावे.

शुश्रूषा करणाऱ्यालाही यातून काही मिळते. औषधे, अंघोळ, रात्रीची जागरणे यांत समोरचे माणूस केवळ रुग्ण होऊन जाते. पंगतीत लगबगीने तूप वाढणारी सासू पडद्यावर दिसली की सुनेला तिची मूळची ओळख पुन्हा पटते. म्हणून मोबाइल ज्येष्ठांच्या हाती देऊन निघून जाऊ नये. दहा मिनिटे शेजारी बसावे. प्रत्येक फाइलीच्या दोन प्रती ठेवाव्यात. त्यांतील एक दुसऱ्या घरी असावी.