यादीतले आणि दारातले

निवडणुकीत सगळा वाद मशीनवर होतो. घरी परतल्यावर शेजारीही पहिलं विचारतात ते मशीनबद्दलच. मतदान केंद्राच्या आत बसलेल्यांना मात्र मशीन फारसा त्रास देत नाही. बटण दाबलं की बीप वाजतो आणि माणूस पुढे सरकतो. दिवसभर जीव खाते ती मतदार यादी.

२० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्राच्या सगळ्या २८८ जागांसाठी एकाच दिवशी मतदान झालं, तेव्हा मी ठाण्यातल्या एका शाळेच्या वर्गखोलीत ‘मतदान अधिकारी क्रमांक एक’ होते. खोलीत आम्ही चौघं. केंद्राध्यक्ष सगळ्याचे धनी. क्रमांक दोन शाई लावणार, नोंदवहीत सही घेणार आणि चिठ्ठी देणार. क्रमांक तीन ती चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटचं बटण दाबणार. आणि क्रमांक एककडे यादी. आलेला माणूस यादीतलाच आहे का, हे ठरवायचं मी.

मतदारसंघ १४७, कोपरी-पाचपाखाडी. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतः उमेदवार, समोर दिवंगत शिवसेना नेते आनंद दिघे यांचे पुतणे केदार दिघे, त्यामुळे रस्त्यावर फ्लेक्सची रेलचेल. पण मतदान केंद्राच्या शंभर मीटरच्या आत मुख्यमंत्री काय आणि अपक्ष काय, दोघांनाही एकेकच बटण. मी राहते डोंबिवलीत, म्हणजे १४३ मध्ये. आपल्याच मतदारसंघात ड्यूटी लागत नाही, म्हणून माझं मत प्रशिक्षणाच्या दिवसांतच टपाली मतपत्रिकेवर देऊन झालं होतं.

आमच्या भागातल्या मतदारसंघांच्या हद्दी हा स्वतंत्र विषय आहे. २००८ च्या पुनर्रचनेत आखलेले अठरा मतदारसंघ आजच्या ठाणे जिल्ह्यात येतात, आणि ते आखताना रेल्वे रूळ कुठे हद्द ठरले, तर कुठे कोणी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कोपरी रुळांच्या पूर्वेला, पाचपाखाडी पश्चिमेला, तरी आमदार एक. कल्याणात उलटं. स्टेशनच्या पूर्वेकडचा माणूस लोकसभेला कल्याणचा खासदार निवडतो आणि पश्चिमेकडचा भिवंडीचा. दिवा ठाणे महापालिकेत, पण विधानसभेला कल्याण ग्रामीणमध्ये. डोंबिवली पूर्वेच्या एमआयडीसीत राहणारी माझी मैत्रीण पत्ता डोंबिवलीचा सांगते आणि मत देते कल्याण ग्रामीणमध्ये. अशा ठिकाणी घर एक गल्ली जरी हललं, तरी मतदारसंघ बदलू शकतो. माणसाला ते कळतं मतदानाच्या दिवशी, माझ्या टेबलासमोर.

आदल्या दिवशी साहित्य वाटप. मंडपात टेबलं लावलेली, टेबलांवर केंद्रांचे क्रमांक, आणि लाउडस्पीकरवर सतत कोणाला तरी बोलावणं. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट आणि मताची चिठ्ठी छापणारं व्हीव्हीपॅट यांचे क्रमांक कागदावरच्या क्रमांकांशी ताडून घ्यायचे. मग पिशवी उघडायची: शाईची बाटली, लाख, मेणबत्ती, काडेपेटी, दोरा, ब्लेड, पितळी मोहर, हिरवी कागदी सील, रंगीबेरंगी लिफाफे, नमुन्यांचे गठ्ठे. लग्नाचा रुखवत मोजावा तसा एकेक नग मोजून घ्यायचा, कारण रात्री एखादं सील कमी निघालं तर ते कुठल्याही दुकानात मिळत नाही. पुरुष सहकारी शाळेतच बाकं जोडून झोपले. बायकांना घरी जायची मुभा असते. मी ठाण्यातच मावशीकडे गेले, कारण पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान सुरू होतं.

अभिरूप मतदानाबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं. सकाळी सातला पहिला मतदार येण्याआधी त्याच मशीनवर किमान पन्नास मतं टाकून पाहायची, ‘नोटा’सह प्रत्येक उमेदवाराला. समोर पक्षांचे मतदान प्रतिनिधी बसलेले असतात. कोणी किती मतं टाकली ते कागदावर लिहून ठेवायचं, मग क्लोजचं बटण, मग रिझल्टचं. आकडे मोठ्याने वाचायचे. व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढून त्याही मोजायच्या. जुळलं की क्लिअर, आणि प्रतिनिधींना शून्य दाखवायचं. त्या चिठ्ठ्यांवर मागे शिक्का मारून त्या जाड काळ्या लिफाफ्यात बंद करायच्या. यातली एकही पायरी विसरून चालत नाही. क्लिअर करायचं राहिलं, तर सकाळची लुटुपुटूची मतं संध्याकाळच्या खऱ्या मतांत मिसळतात. हिरव्या कागदी सीलवर प्रतिनिधींनी सह्या केल्या. त्यात एक तरुण पहिल्यांदाच आला होता. सही करताना त्याने विचारलं, “मॅडम, ही सही मतमोजणीला परत बघायला मिळणार?” मिळते. मोजणीच्या टेबलावर सीलचा क्रमांक आणि सह्या पाहूनच मशीन उघडतात.

सात वाजता दार उघडलं, आणि मशीनचं काम तिथेच बव्हंशी संपलं. आता यादी.

आमच्या केंद्रावर बाराशेच्या आसपास नावं. यादी अकारविल्हे नसते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. ती घरांच्या क्रमाने असते: ही चाळ, मग तिच्यामागची इमारत, मग पुढची गल्ली. ज्याच्याकडे मतदार चिठ्ठी आहे त्याचा अनुक्रमांक क्षणात सापडतो. चिठ्ठी नसेल आणि माणूस नुसतं नाव सांगत असेल, तर त्याला बाहेर बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे पाठवायचं. त्यांच्याकडे नावांच्या क्रमाची यादी असते. त्यातून नवीन नोंदी शेवटी पुरवणीत. त्यामुळे सासरे पहिल्या पानावर आणि त्याच घरातली सून शेवटच्या पानावर, असं सर्रास. सून एकटीच आली आणि सासऱ्यांच्या नावाशेजारी तिचं नाव नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडतो. “यादीतून काढलं का हो मला?” नाही ताई, तुम्ही पुरवणीत आहात.

नाव सापडलं की मी ते मोठ्याने वाचते. हे केवळ शिष्टाचार म्हणून नाही. प्रतिनिधींना ऐकू जावं, आणि कोणाला हरकत असेल तर त्याने तेव्हाच घ्यावी, म्हणून वाचायचं. कोणी म्हणालं की हा तो माणूसच नाही, तर त्याने दोन रुपये भरायचे आणि केंद्राध्यक्षांनी तिथेच चौकशी करायची. आरोप खोटा निघाला आणि मुद्दाम केलेला असला, तर दोन रुपये जप्त. किती वर्षांपूर्वीचा हा दर असेल कोण जाणे, पण मला तो आवडतो. हरकत न आल्यास लाल पेनाने नोंदीवर तिरकी रेघ मारायची; स्त्री असेल तर अनुक्रमांकाभोवती गोलही. संध्याकाळी स्त्री-पुरुष वेगळे मोजताना हा गोल कामाला येतो.

ओळखपत्रांची गंमत वेगळी. मतदार चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही, हे प्रत्येक निवडणुकीत सांगावं लागतं. मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, फोटो असलेलं पासबुक अशी बारा कागदपत्रं चालतात. पण अनेकांचं आधार मोबाइलमध्ये, आणि मोबाइल आत न्यायला बंदी. ऐन मतदानाच्या तोंडावर या बंदीविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली होती. तो निकाल गेटवरच्या पोलिसाने किती जणांना समजावून सांगायचा? एक गृहस्थ मोबाइल गेटबाहेर पानवाल्याकडे ठेवून आले आणि आत आल्यावर कळलं की ओळखपत्र त्यातच. परत घरी. ते दुपारी छापील आधार घेऊन आले, हे त्यांचं कौतुक. असे सगळेच परत येत नाहीत.

मग बायकांची नावं. यादीत माहेरचं, आधारवर सासरचं. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, आडनाव ‘ळ’चं की ‘ल’चं. फोटो जुळत असेल आणि बाकीचे तपशील पटत असतील, तर छपाईच्या किरकोळ चुकांवरून मतदाराला परत पाठवू नये, असं प्रशिक्षणात बजावलेलं असतं. किरकोळ कुठवर, हे मात्र टेबलावर बसलेल्यानेच ठरवायचं. रांग दारापर्यंत, मागून कोणी तरी ओरडतोय, आणि समोर एक बाई आपण आपणच आहोत हे सिद्ध करतेय. इथे मी मतदाराच्या बाजूने झुकते, आणि त्याची मला खंत नाही. शंकेचा फायदा आरोपीला मिळतो, तर मतदाराला का मिळू नये?

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत सगळ्यात मोठा घोळ स्थलांतराचा. जुन्या इमारती पाडून टॉवर होतात, भाडेकरू तीन वर्षांसाठी म्हणून निघतात आणि सहा वर्षं बाहेर राहतात. किसननगरसारख्या वस्त्यांत क्लस्टर पुनर्विकास योजनेने माणसं हलू लागली आहेत. ज्याला ठाणं परवडत नाही तो कळवा, दिवा, डोंबिवली, बदलापूर असा रुळांवरून पुढे सरकत जातो. नाव मागेच राहतं. अशा गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची वेगळी यादी आमच्याकडे असते. इंग्रजी अक्षरांवरून सगळे तिला ‘एएसडी’ म्हणतात. त्या यादीतला कोणी आलाच तर केंद्राध्यक्ष स्वतः कागद तपासतात आणि नोंदवहीत सहीबरोबर अंगठाही घेतात.

त्या दिवशी असे बरेच आले. कोणी बदलापूरहून गाडीला लटकत, कोणी डोंबिवलीजवळच्या पलावाहून रिक्षा-लोकल-रिक्षा करत. एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. त्यांची चाळ पडून कितीतरी दिवस झाले, पण यादीत चाळीचंच नाव. खोली नंबरसकट. प्रतिनिधी उठून उभे राहिले, एकमेकांविरुद्ध काम करणाऱ्या पक्षांचे दोघंही. दोघांचंही लहानपण त्याच चाळीत गेलेलं. ओळख पटवायला आणखी काय लागतं? तरीही अंगठा घेतलाच. नियम म्हणजे नियम.

प्रतिनिधींबद्दल वर्तमानपत्रं फक्त भांडणाच्या वेळी लिहितात. आमच्या खोलीत ते सकाळपासून एकाच बाकावर बसून आपापल्या याद्यांवर खुणा करत होते, वडापाव वाटून खात होते, आणि यादीतल्या कोणाचं काय झालं हे त्यांना बीएलओपेक्षा जास्त माहीत होतं. “हे वारले, मॅडम.” “ही मुलगी पुण्याला दिली.” “यांनी फ्लॅट विकला, नवीन लोकांची नावं अजून लागली नाहीत.”

शेजारच्या खोलीत दुपारी जरा गडबड झाली. एक जण आला तर त्याच्या नावावर आधीच रेघ. कागदपत्रं पक्की, बोटाला शाई नाही. अशा वेळी कायद्यात प्रदत्त मताची सोय आहे: त्याला मशीनवर मत देता येत नाही, कागदी मतपत्रिका मिळते, त्यावर त्याने शिक्का मारायचा आणि ती लिफाफ्यात बंद. सही करताना त्याने विचारलं, “हे मोजणार ना?” केंद्राध्यक्षांनी खरं ते सांगितलं: नेहमीच्या मोजणीत नाही, प्रकरण न्यायालयात गेलं तरच तो लिफाफा उघडण्याची वेळ येते. तरीही त्याने शिक्का मारला.

दर दोन तासांनी आकडा कळवायचा असतो. नऊ, अकरा, एक, तीन, पाच. त्या निवडणुकीत क्षेत्रीय अधिकाऱ्यांचा फोन आला की नोंदवहीत शेवटचा क्रमांक काय चाललाय ते पाहून सांगायचो. घाईचा आकडा तो. राज्यात पाच वाजेपर्यंतची टक्केवारी ५८.२२ होती, अंतिम ६६.०५ झाली, आणि मधल्या वाढीवर नंतर राजकारण तापलं. राज्यभरात एक लाखाहून जास्त केंद्रं होती, त्यांच्याबद्दल मी बोलू शकत नाही. आमच्या खोलीत पाचचा आकडा दिला तेव्हा रांग जिन्यापर्यंत होती, कामावरून परतलेल्यांची. सहा वाजता गेट बंद केलं आणि रांगेत उभ्या असलेल्यांना शेवटच्या माणसापासून पुढे अशा क्रमाने चिठ्ठ्या दिल्या. उलट्या क्रमाने देतात, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. चिठ्ठीवाला शेवटचा माणूस मत देऊन गेला आणि मगच क्लोज. ज्यांना शंका आहे त्यांनी विचारलंच पाहिजे, आणि त्याचं उत्तर शोधायची जागा म्हणजे नमुना १७ सी.

१७ सी हा मतदानाच्या दिवसाचा हिशेब. नोंदवहीतला शेवटचा क्रमांक, त्यातून सही करून मत न देता गेलेले वजा, आणि मशीनवरची एकूण बेरीज. दोन्ही जुळली पाहिजेत. जुळेपर्यंत कोणी श्वास घेत नाही म्हटलं तरी चालेल. जुळली. केंद्राध्यक्षांनी प्रती भरल्या, प्रत्येक प्रतिनिधीला एकेक सहीनिशी दिली. पहिल्यांदाच आलेला तो तरुण ती घडी करून खिशात घालत होता, तर शेजारच्या ज्येष्ठ प्रतिनिधीने त्याला दटावलं, “प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल. मोजणीला हीच दाखवायची.” मोजणीच्या टेबलावर मशीनचा आकडा या प्रतीशी ताडून पाहता येतो. शिवाय प्रत्येक मतदारसंघातली पाच व्हीव्हीपॅट चिठ्ठीने निवडून त्यांच्यातल्या चिठ्ठ्याही मोजतात.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं: हिरवे, पिवळे, निळे, खाकी लिफाफे, लाख वितळवून मोहरा, आणि साहित्य जमा करायची रांग. मतदाराच्या रांगेला निदान शेवट दिसतो.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला. कोपरी-पाचपाखाडीत एकनाथ शिंदे एक लाख २० हजारांहून जास्त मताधिक्याने निवडून आले. इतक्या अंतरात आमच्या खोलीतलं एखादं आडनाव ‘ळ’चं होतं की ‘ल’चं, याने काही बिघडलं नसतं. पण याच जिल्ह्यात, ठाण्याच्या खाडीपलीकडे, १५१ बेलापूरला मंदा म्हात्रे यांनी संदीप नाईक यांना हरवलं ते ३७७ मतांनी. माझ्यापुढच्या एकट्या यादीत त्याच्या तिप्पट नावं होती.