संगणकाचा दुसरा पडदा आणि दिसेनाशी झालेली चौकट

सांगली जिल्ह्यातील मिरज तालुका हा म्हैसाळ, आरग, बेडग, मालगाव अशा मोठ्या गावांचा तालुका होय. राज्यातील इतर गावांप्रमाणे येथील पंचायतींचे व्यवहारही संगणकावर आले आहेत. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या 'ई-ग्रामस्वराज' प्रणालीतून रक्कम अदा करताना सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांची अंकीय स्वाक्षरी लागते. स्वाक्षरीच्या वेळी पडद्यावर एक लहान चौकट उघडते व सांकेतिक क्रमांक विचारते. ही चौकट दिसलीच नाही, तर काम तेथेच अडते.

असे का घडते?

ग्रामसभेत जमाखर्च दाखविण्यासाठी किंवा शाळेत पाठ दाखविण्यासाठी संगणकास मोठा दूरदर्शन संच अथवा प्रोजेक्टर जोडला जातो. 'विस्तारित' मांडणीत संगणक हे दोन्ही पडदे मिळून एकच लांबरुंद फलक समजतो. सभा संपल्यावर संच बंद केला, तरी तार जोडलेली असल्यास संगणकाच्या लेखी तो पडदा अनेकदा कायमच असतो. शिवाय अनेक आज्ञावली आपली चौकट मागील वेळी कोठे उघडली होती ते लक्षात ठेवतात. परिणामी नवी चौकट त्या अंधाऱ्या पडद्यावर उघडते आणि तिला उत्तर मिळेपर्यंत मूळ आज्ञावली अन्य काम स्वीकारीत नाही. माऊस दाबला की केवळ 'टिंग' असा ध्वनी येतो. संगणक बिघडलेला नसतो. तो उत्तराची वाट पाहत असतो.

कोणती चूक टाळावी?

अशा वेळी घाईने संगणक बंद केल्यास न साठविलेली माहिती नष्ट होते. न दिसणाऱ्या चौकटीस 'एंटर' दाबून उत्तर देणे तर अधिक धोक्याचे; प्रश्न माहिती पुसण्याचाही असू शकतो. सांकेतिक क्रमांक अंदाजाने पुन्हा पुन्हा टंकित करू नये. तो ठरावीक वेळा चुकल्यास स्वाक्षरीचे उपकरण कुलूपबंद होते आणि देयक आणखी लांबणीवर पडते.

उपाय

विंडोज प्रणालीत पुढील उपाय क्रमाने करावेत :

१. दुसरा पडदा जोडलेला असल्यास तो सुरू करून पाहावा.

२. 'ऑल्ट' दाबून ठेवून 'टॅब' दाबावी. उघड्या खिडक्यांची चित्रे दिसतात. चौकट दुसऱ्या खिडकीमागे दडली असल्यास ती निवडताच पुढे येते.

३. निवडूनही ती दिसली नाही, तर 'विंडोज' व 'शिफ्ट' या कळा दाबून ठेवून डावा किंवा उजवा बाण दाबावा. चौकट एका पडद्यावरून दुसऱ्यावर सरकते.

४. एवढ्यानेही न भागल्यास 'विंडोज' व 'पी' या कळा एकत्र दाबून केवळ संगणकाचा पडदा ठेवण्याचा पहिला पर्याय निवडावा. दुसरा पडदा वगळला जाऊन त्यावरील खिडक्या सामान्यतः पहिल्या पडद्यावर परततात.

५. चौकट तरीही मिळाली नाही, तर 'एस्केप' दाबावी. बहुधा तिचा अर्थ 'रद्द करा' असा होतो. त्यानंतर काम साठवून आज्ञावली पुन्हा सुरू करावी.

कायमची दक्षता

सभा किंवा तास संपताच, संच बंद करण्यापूर्वी 'विंडोज' व 'पी' यांच्या साहाय्याने मांडणी पूर्ववत करावी. लोकांना दाखवितानाही दोन्ही पडद्यांवर एकच दृश्य देणारा पर्याय घ्यावा, म्हणजे चौकट हरवण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र स्वाक्षरीचे अथवा व्यक्तिगत माहितीचे काम मोठा पडदा वगळूनच करावे. हे उपाय कागदावर लिहून संगणकाजवळ लावल्यास नवा कर्मचारीही अडणार नाही.

गावातील पुरवठादाराचे देयक किंवा विद्यार्थ्याचा दाखला केवळ एका न दिसणाऱ्या चौकटीमुळे थांबू नये. यंत्राच्या नावाने नागरिकास 'उद्या या' असे सांगण्यापूर्वी दुसऱ्या पडद्याकडे एकदा पाहिले, तर त्याची एक खेप वाचेल.