थंडीतली धम्मयात्रा : चार थरांची ऊब



पिके निघाली, हाती चार पैसे आले की आपल्याकडचे उपासक-उपासिका बुद्धगया, सारनाथ, कुशीनगरच्या यात्रेचा बेत करतात. पण गोदाकाठच्या शहागडची थंडी वेगळी आणि जानेवारीत गंगेच्या मैदानातली थंडी वेगळी. तिकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, धुक्याने सूर्य दिसत नाही, गाड्या तासन्‌तास रखडतात. एक शाल आणि पायात चप्पल एवढ्यावर निघालेली म्हातारी माणसे फलाटावर कुडकुडतात, आजारी पडतात. मग कोणी म्हणते, "जाकीट घ्यायची ऐपत नाही, आईला घरीच ठेवू." असे करू नका. उपाय स्वस्त आहे आणि तो आपल्या विनयपिटकातच आहे.

महावग्गात कथा आहे. वैशालीच्या गोतमक चैत्याजवळ हिमपाताच्या दिवसांत तथागत रात्री उघड्यावर बसले. अंगावर एकच चीवर होते. पहिला प्रहर सरला, थंडी वाजली, दुसरे घेतले. मधला प्रहर सरला, तिसरे घेतले. पहाटे चौथे घेतले, मग थंडी वाजली नाही. त्यावरून भिक्खूंना तीन चीवरांची मर्यादा ठरली. त्यातली संघाटी दुहेरी, म्हणजे थर चारच झाले.

यातले मर्म साधे आहे. दोन थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. म्हणून एका जाड कोटापेक्षा घरातलेच चार कपडे एकावर एक बरे. आत अंगाला बसणारे बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा, त्यावर लोकरी स्वेटर, सर्वांत वर वारा अडवणारा जुना रेनकोट. भगिनींनी परकराच्या आत जुनी सलवार आणि पूर्ण बाह्यांचे झंपर घालावे. वंदनेची पांढरी साडी वरून नेसली की आतले थर दिसत नाहीत.

राजगीरला गृध्रकूट चढताना घाम येईल, तेव्हा वरचे थर उतरवा. घामाने भिजलेले सुती कापड अंग गार करते, म्हणून एक कोरडा जोड पिशवीत हवाच.

पैसे खर्चायचेच तर कानटोपी, लोकरी मोजे आणि बंद बूट यांवर खर्चा. बूट किंचित सैल घ्या, मोज्यांचे दोन जोड मावले पाहिजेत. जमिनीवर झोपताना खाली प्लॅस्टिक आणि गोधडी अंथरा. वरून कितीही पांघरले तरी जमीन खालून ऊब ओढते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, माणूस झोपेतच जातो.

निघण्याआधी आठ दिवस पेटी उघडा, थर मोजा. चार भरले तर आईचेही तिकीट काढा.