पॉवर टिलरचे बेल्ट पावसाआधी तपासा



मृगाचा पाऊस लागला, तरवा एकवीस दिवसांचा झाला, चिखलणीसाठी टिलर कुणग्यात उतरवला आणि नेमका त्याच वेळी बेल्ट तुटला, असे दरवर्षी कुठे ना कुठे घडतेच. टिलर बहुधा दोन-तीन घरांत मिळून असतो. दुकान कुडाळला नाहीतर कणकवलीला. एक दिवस बेल्ट आणण्यात जातो, दुसरा मिस्त्रीची वाट पाहण्यात. तोवर तरवा जून होतो, लावणीनंतर त्याला फुटवे कमी येतात. म्हणून हे काम मे महिन्यातच, अंगण कोरडे असताना उरकून घ्यावे.

इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेण्याचे काम हे व्ही-बेल्ट करतात. बेल्ट पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो आणि आपल्या दोन्ही कडांनी पुली पकडतो. त्याचा तळ खाचेच्या बुडाला टेकता कामा नये. कव्हर काढून बघा. खाचेचे बूड घासून चकचकीत झाले असेल तर बेल्ट झिजून खाली बसला आहे, किंवा पुलीच झिजली आहे. बेल्टवर आडव्या भेगा, सुटलेले धागे, काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या कडा दिसल्या तर बेल्ट बदलावा. किनाऱ्याजवळच्या गावांत खाऱ्या हवेने पुलीला गंज चढतो. तो गंज कानसेसारखा नव्या बेल्टला खातो, म्हणून खाच आधी घासून साफ करावी. बेल्टवर तेल दिसले तर ते कुठून गळते ते शोधून काढा. गळती तशीच ठेवून नवा बेल्ट चढवणे म्हणजे पैसे चिखलात घालणे होय.

टिलरला एकाहून जास्त बेल्ट असतील तर सगळे एकदम बदलावेत. पूर्वी एकदा मीच एका बंधूंना "तुटला तेवढाच बदला" असे सांगून बसलो. आठवड्यात तो नवाही तुटला! जुने बेल्ट ताणून लांब झालेले असतात. त्यांत एकच नवा घातला की सगळा भार त्या बिचाऱ्यावर येतो. दुकानातून एकाच कंपनीचे, एकाच मापाचे बेल्ट घ्या. माप बेल्टच्या पाठीवर छापलेले असते. उदाहरणार्थ 'बी ५२' यात बी म्हणजे जाडी-रुंदीचा प्रकार (रुंदी १७ मि.मी., जाडी ११ मि.मी.) आणि ५२ म्हणजे आतील लांबी, इंचांत. छाप पुसला असेल तर जुना बेल्टच सोबत न्यावा.

आता बदलण्याचे काम. टिलर सपाट जागी उभा करा, इंजिन बंद करून थंड होऊ द्या. लुंगी, पंचा, गळ्यातला दोरा यांपैकी काही लोंबत नको. काही बनावटींत इंजिन आपल्या बैठकीवर सरकवून ताण देतात, काहींत ताण देणारी वेगळी पुली असते. तुमच्या टिलरला जे असेल त्याचे बोल्ट आधी ढिले करा, म्हणजे बेल्ट हाताने सहज निघतो. स्क्रू ड्रायव्हरने किंवा पहारीने उचकटून बेल्ट चढवू नये. आतले धागे तुटतात, वरून मात्र काही दिसत नाही. पुली फिरवावी लागली तर ती फिरवणारा आणि बेल्ट धरणारा माणूस एकच असावा. दुसऱ्याने हँडलला हातसुद्धा लावू नये. बेल्ट आणि पुली यांच्यामध्ये बोट सापडायला अर्धी फेरी पुरते.

बेल्ट बसल्यावर दोन्ही पुल्यांच्या बाजूला सुतळी ताणून धरा. ती दोन्हींना सरळ टेकली पाहिजे, नाहीतर बेल्टची एकच कड झिजेल. मग ताण द्या. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण बोटाच्या जाडीइतका खाली जावा. टिलरच्या पुस्तिकेत माप दिले असेल तर तेच धरावे. ढिला बेल्ट घसरून जळतो. फार आवळला तर बेअरिंग जाते, आणि तो खर्च बेल्टच्या कितीतरी पट. घसरतो म्हणून राळ किंवा ग्रीस लावण्याची सवय काहींना आहे, ती सोडावी.

कव्हर पुन्हा बसवल्याशिवाय इंजिन चालू करू नका. नवा बेल्ट पहिल्या दिवशी खाचेत बसून थोडा सैल पडतोच, तेव्हा संध्याकाळी टिलर धुतल्यावर ताण पुन्हा पाहावा. जुन्यांतले त्यातल्या त्यात बरे दिसणारे बेल्ट अडीअडचणीसाठी जपून ठेवा, पण चुलीच्या धुरात किंवा डिझेलच्या डब्याशेजारी नकोत. उंदरांपासूनही सांभाळावेत.