जलतरण आणि आत्मसन्मान

पाण्यात बुडालेल्या शरीराचा भार, त्याने दूर सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका हलका भासतो. म्हणूनच ज्याचे पाय जमिनीवर भार पेलू शकत नाहीत, असा मनुष्यही पाण्यात बाहुबलाने पुढे जाऊ शकतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले. त्यांनी पोहण्याचा नेटाने सराव केला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापून भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. सहानुभूतीने दिलासा मिळतो; आत्मसन्मान मात्र स्वकष्टाने साधलेल्या, मोजता येणाऱ्या प्रगतीतूनच उपजतो. कालच्यापेक्षा आज वेळ कमी लागला, एवढी खूणही त्यास पुरेशी होते.