दुष्काळात तेरावा रिचार्ज

दुधाचा रतीब, पेपरचं बिल, कामवाल्या मावशींचा पगार, भिशीचा हप्ता. आपला सगळा हिशेब महिन्याचा. मोबाइलचा महिना मात्र २८ दिवसांचा! एकदा मी कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसले आणि मोजलं. वर्षाचे ३६५ दिवस भागिले २८ म्हणजे रिचार्ज होतात १३. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. घरात चार फोन असतील, तर असे चार!

ही ओरड फार झाली, तेव्हा ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, जानेवारी २०२२ मध्ये सगळ्या कंपन्यांना सांगितलं, की निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला भरायचा ठेवा. आता हे दुकानदार आपणहून सांगतो का? छे! आपणच विचारायचं. आणि नुसती किंमत बघू नका, मैत्रिणींनो. किमतीला दिवसांनी भागा. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, इथे तो म्हणेल तो आकडा मुकाट्याने देतो.

दुसरा घोळ बॅलन्स आणि व्हॅलिडिटीचा. आमच्या सासूबाई नेहमी म्हणतात, ‘अगं, माझ्या फोनात पैसे आहेत, मग लागत का नाही?’ त्यांचं चूक नाही. बॅलन्स म्हणजे पैसे, व्हॅलिडिटी म्हणजे मुदत. एसटीचा पास संपला, की कालपर्यंत किती फेऱ्या मारल्या याला किंमत नाही, तसंच हे. मुदत संपली की आधी आपला फोन जाणं बंद होतं, मग काही दिवसांनी येणंही. शिवाय १० रुपयांचा टॉप-अप मारला, तरी कर आणि शुल्क जाऊन हातात येतात जेमतेम साडेसात रुपये.

पूर्वी असं नव्हतं, असं त्यांना वाटतं आणि तेही खरंच आहे. १९९५ मध्ये देशात मोबाइल आला, तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि मग आपण सगळ्यांनी मिस्ड कॉलची भाषाच तयार केली. एक रिंग म्हणजे पोचले, दोन रिंगा म्हणजे फोन कर! २००५ च्या अखेरीस तर ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ कार्डं आली. ते आयुष्य २०१८ पर्यंतच टिकलं. त्या वर्षी २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचा रिचार्ज आला आणि फक्त फोन घेणाऱ्या आज्यांनाही दर महिन्याला पैसे भरणं भाग पडलं.

ज्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यांनी नेटचे पैसे का भरायचे? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. अशा पॅकची मुदतही ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. गावाकडच्या आईसाठी, सासूबाईंसाठी हे जरूर विचारून बघा.

आता जे सांगते, ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तुमचं सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे? आमच्या भिशीत मी हे विचारलं, तर निम्म्याहून जास्त जणींचं नवऱ्याच्या, भावाच्या नाहीतर मुलाच्या नावावर निघालं. एरवी काही अडत नाही. पण फोन हरवला, तर त्याच नंबरचं नवं सिम ज्याचं नाव त्यालाच मिळतं. आमच्यातल्या एकीचे यजमान गेले, दिवसकार्यात रिचार्ज कोण बघतो? त्यांचा नंबर बंद पडत आला होता आणि बँकेचा ओटीपी, गॅसचं बुकिंग, आधार, सगळं त्यावरच! शेवटी धाकट्या दिराने तो चालू ठेवला, म्हणून निभावलं.

नियम असा, की सलग ९० दिवस वापर नसेल, तर नंबर बंद करता येतो. खात्यात २० रुपये असतील, तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. २०२३ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा जुन्या नंबरवरचं व्हॉट्सअ‍ॅप आपणच पुसून टाकायचं, असंच सांगण्यात आलं.

तेव्हा कंपनीच्या दुकानात जाऊन नंबर आपल्या नावावर करून घ्या. आधार कार्ड न्या आणि ज्यांच्या नावावर आहे, त्यांनाही सोबत न्या. त्या मैत्रिणीला मात्र मृत्यूचा दाखला घेऊन जावं लागलं.